मेक्सिको आठवतो तो केवळ आयातशुल्कापुरता?

महोदय,

व्यापार करार नसलेल्या देशांच्या मालावरील आयातशुल्क मेक्सिकोने वाढवल्यानंतर आपल्याकडे जी चर्चा झाली, ती चाकणहून तिकडे जाणाऱ्या मोटारींच्या पलीकडे फारशी गेली नाही. मोटारींची चिंता रास्तच आहे. परंतु ज्या देशाची आठवण आपल्याला शुल्क वाढल्यावरच होते, त्या देशाशी आपली मैत्री आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वास्तविक या मैत्रीला पाया आहे. उभय देशांचे राजनैतिक संबंध १९५० पासूनचे. १९८४ मध्ये अण्वस्त्र स्पर्धा थांबवावी, असे आवाहन महासत्तांना करणाऱ्या सहा देशांत भारत, स्वीडन, ग्रीस, टांझानिया व अर्जेंटिना यांच्या जोडीला मेक्सिकोही होता, आणि या गटाची एक परिषद १९८५ मध्ये दिल्लीत, तर पुढची १९८६ मध्ये मेक्सिकोतील इस्तापा येथे भरली होती. कवी ऑक्टाव्हियो पाझ १९६२ पासून सहा वर्षे मेक्सिकोचे दिल्लीतील राजदूत होते आणि १९६८ मध्ये आपल्याच सरकारने विद्यार्थ्यांवर केलेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी ते पद सोडले.

पण माझ्यासारख्या शेतीशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते गव्हाचे बियाणे. आपला जुना उंच गहू खताची मात्रा वाढवली की लोळायचा, म्हणून खत असूनही उतारा वाढत नसे. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेले बुटके वाण या अडचणीवर उतारा ठरले आणि १९६६ मध्ये भारताने तेथून सुमारे १८ हजार टन बियाणे आणले. त्यातील ‘लर्मा रोहो’चा दाणा तांबूस, त्यामुळे त्याची पोळी लोकांना रुचेना, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकन वाणसामग्रीतूनच ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ हे पिवळसर दाण्याचे गहू निवडून काढले. दिले त्यांनी, घडवले आपण. सहकार्य म्हणतात ते हेच.

त्याच्याही चाळीस वर्षे आधी उलट दिशेने एक मराठी माणूस तिकडे गेला होता. गदर चळवळीतील क्रांतिकारक, वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करण्यात पुढाकार घेतला. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा यांनी रंगवलेल्या चित्रात, मेजाभोवती बसलेल्या माणसांमध्ये भाकरी मोडून देताना दिसतात ते हेच खानखोजे. चापिंगो येथे २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. इकडे मी कृषी पदविकेच्या वर्गात त्यांचे नाव घेतले, तेव्हा जिल्ह्यातीलच मुलांनी ‘हे कोण, सर?’ असे विचारले. दोष मुलांना कसा द्यावा?

माझी सूचना मर्यादित आहे. राज्यातील चार कृषी विद्यापीठांनी चापिंगोशी करार करून दरवर्षी निदान आठ-दहा विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी व जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी वर्षभर स्पॅनिश शिकवावे. मका आणि गव्हावरील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र चापिंगोच्याच शेजारी, तेश्कोको परिसरात आहे, म्हणजे एका खर्चात दोन्ही साधेल. निमित्तही ताजे आहे. अमेरिका खंडातून आलेली लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळली आणि तेव्हापासून आपल्या मक्याचे पोंगे कुरतडते आहे. तिकडचे शेतकरी तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले आहेत. कोणत्या मित्रकीटकांवर भिस्त ठेवावी आणि फवारणी कधी टाळावी, हे आपल्या मुलांनी त्यांच्या शेतात उभे राहून पाहिलेले बरे. शिष्टमंडळाच्या एका दौऱ्याला जेवढा खर्च येतो, त्यात ही योजना बहुधा सहज बसेल, आणि पहिली तुकडी अकोल्याच्या विद्यापीठातून गेली तर विदर्भाच्या त्या सुपुत्राच्या पुतळ्यासमोर वऱ्हाडीत दोन शब्द बोलणारे कोणी तरी असेल.

आपला,
एक निवृत्त कृषी शिक्षक, वर्धा