कुपवाडच्या दादांना जाहीर धन्यवाद

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं दादा.

तुम्ही सांगलीच्या मार्केट यार्डात आमचा काटा दुरुस्त करायला आला होतात. माझं काम तुमच्या कामात धरलेलंच नव्हतं. हळदीच्या पोत्यांचं वजन काट्याच्या सीरियल पोर्टमधून माझ्या लॅपटॉपवर यावं, एवढंच मला हवं होतं. काट्यावरचे आकडे मला दिसत नाहीत. लॅपटॉपवर आले की ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम ते वाचतो आणि ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ठिपके वर-खाली होणाऱ्या यंत्रावर, ते बोटांखाली येतात.

उबुंटू 22.04 या लिनक्स सिस्टीमवर केबल जोडली की तिचं पोर्ट, टीटीवाय-यूएसबी-झीरो, उगवायचं आणि लगेच गायब व्हायचं. ज्याला विचारावं तो म्हणे, बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम काढून टाक. डोळसांना ठीक आहे हो! माझा ब्रेल डिस्प्ले त्याच प्रोग्रामवर चालतो. तुम्ही मात्र आधी कारण शोधायला बसलात. मला डीमेसेज ही सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवायला लावलंत, ओळी ऐकल्यात आणि 1ए86:7523 हा केबलचा ओळख-आकडा (आयडी) आल्यावर म्हणालात, "थांब, ही सीएच340 चिप." स्वस्त केबलींत सर्रास असणारी ही चिप एका ब्रेल यंत्रातही आहे आणि दोघांचा आयडी एकच. बीआरएलटीटीवाय माझ्या केबललाच ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावत होता. कुठलं यंत्र कोणत्या प्रोग्रामला द्यायचं ते ठरवणाऱ्या युडेव्हच्या नियमांची फाइल त्याच नावानं इटीसीमधल्या, म्हणजे आपल्या बदलांसाठीच्या, फोल्डरात कॉपी केली आणि त्या आयडीच्या ओळीपुढे हॅश टाकून ती ओळ बाद केली. इटीसीतली फाइल आधी मानली जाते, म्हणून अपडेट आलं तरी नियम टिकतो. डिस्प्लेही चालू, केबलही चालू. पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या डायलआउट ग्रुपचं काम त्यातच उरकलं.

कीबोर्ड तुम्ही एकदाही स्वतःकडे ओढला नाहीत, हे मुद्दाम लिहितेय. मदत करणारे बहुतेक जण तेच आधी करतात.

केबलचं टोक हातात देऊन पिना मोजायला लावल्यात: वर पाच, खाली चार. दोन नंबरवर डेटा येतो, तीनवरून जातो, पाच ग्राउंड. दोन आणि तीन कुठे उलटापालट करायच्या ते मला आता नखानं चाचपून कळतं. बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, चुकला की ऑर्का काहीच्या बाही चिन्हं बडबडतो, तेव्हा काट्याच्या 9600 शी जुळवून बघायचं, हेही तुमचंच.

खरी करामत पुढची. मिनीकॉम या पोर्ट वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पडद्यावरची स्थितीची ओळ बदलत राहते, ऑर्काला उसंतच नाही. पिकोकॉम हा तसलाच दुसरा प्रोग्राम स्वतःचं काही रंगवत नाही, आलेलं तसंच पुढे देतो. तरी काटा सेकंदाला कितीतरी वजनं फेकत होता. तुम्ही काट्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सतत पाठवणं बंद केलंत आणि बटण दाबल्यावरच एक ओळ येईल असं केलंत. आता हमाल पोतं ठेवतो, मी बटण दाबते आणि वजन ऐकू येतं. लॉग फाइलमध्येही पडतं, संध्याकाळी व्यापाऱ्याशी वाद झाला तर ब्रेलवर निवांत तपासते. झालाही एकदा. व्यापाऱ्यानं पावती बदलून दिली.

पैसे घेत नाही म्हणालात. आईनं भडंगाचा डबा भरून ठेवलाय, पुढच्या खेपेला न्यायचा आहे.

तुमची,
यार्डातली हिशेबनीस