मर्फीचं काय करायचं

कॉर्क, आयर्लंड
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बापू,

तुझा मेसेज गुरुवारी मिळाला. "दत्त्या, दुकानाच्या माळ्यावर तुमचा मर्फी रेडिओ सापडला. भंगारवाला साडेतीनशे म्हणतोय, पुण्याचा एक हौशी माणूस चार हजार देतोय. काय करू?" मी "थांब जरा" एवढंच टाकलं आणि तू निळ्या टिकेवर गप्प बसलास. रागावू नकोस. फोनवर "ठेव" किंवा "विक" म्हणून मोकळं होता आलं असतं, पण गेले तीन दिवस डोक्यात मर्फीच चाललाय. शेवटी पोरं झोपल्यावर कागद घेऊन बसलो. पत्र लिहायची सवय मोडलीय, अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

दादांनी तो रेडिओ दुरुस्तीला टाकला तेव्हा आपण नववीत होतो. तुमचे अण्णा म्हणाले होते, "व्हॉल्व्ह मुंबईहून मागवावा लागेल." व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओच्या पोटातली ती काचेची नळी, काही आला नाही, मग आमच्याकडे टीव्ही आला आणि रेडिओ न्यायला कोणी फिरकलंच नाही. मला अजून दिसतो तो. बटण फिरवलं की आधी काचेमागे पिवळा उजेड पडायचा, मग आवाजाची वाट बघायची. खरखर, शिट्टी, आणि एकदम "आकाशवाणी पुणे, सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे". दादांचा हात वर गेला की घरात चमच्याचा आवाज करायची सोय नव्हती. तुमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ते मर्फीचं बाळ होतं, ओठांवर बोट ठेवलेलं. ते आपल्यालाच "बातम्या चालू आहेत, गप्प बसा" सांगतंय अशी माझी पक्की समजूत होती.

तर हे एवढं मर्फी पोटात घेऊन मी सहा वर्षांपूर्वी इथे आलो. पहिल्याच दिवशी साहेबानं हात पुढे केला आणि म्हणाला, "मर्फी." मला हसू आवरेना. त्याला काय सांगणार, की माझ्या लेखी तू रेडिओ आहेस? संध्याकाळपर्यंत आणखी तीन मर्फी भेटले. एक गोदामात, एक क्वालिटीत, एक कँटीनमध्ये. आपल्याकडे एका वर्गात पाच पाटील असावेत तसं. आयर्लंडमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव हेच, आणि कॉर्क तर त्यांचं आगर. मागे धाकट्याला ताप आला म्हणून दवाखान्यात बसलो होतो. नर्सनं दार उघडून हाक मारली, "मिसेस मर्फी?" तीन बायका उठल्या. एकमेकींकडे बघितलं, हसल्या, तिघीही परत बसल्या. मग नर्सनं पहिलं नाव वाचलं तर त्यातल्या दोघी पुन्हा उठल्या! शेवटी गाव विचारून निकाल लागला. खेड्यांत घराण्यांना टोपणनावंच असतात, तांबडे मर्फी, गोरे मर्फी वगैरे. आपल्याकडचे गिरणीवाले जाधव आणि वरच्या आळीचे जाधव आठवले ना?

आता मूळ नाव ऐक, म्हणजे तुला हसायला येईल. इंग्रजांनी आपल्या जिभेला सोसेल असं 'मर्फी' केलं. आयरिशमध्ये ते 'ओ मुर्खू'. अगदी असंच ऐकू येतं, मी खोटं सांगत नाही. 'मुरखा' नावाच्या माणसाचा वंशज तो ओ मुर्खू. मूर्खपणाशी काही संबंध नाही बरं, 'मुइर' म्हणजे समुद्र आणि 'काह' म्हणजे लढाई, दर्यावरचा लढवय्या असा अर्थ. आपल्या आंग्रे मंडळींना शोभेल असं नाव. बाईचं आडनाव मात्र निराळं होतं. मुलगी असेल तर 'नी वुर्खू', आणि लग्न होऊन त्या घरात आली असेल तर 'बान ई वुर्खू'. आडनावावरूनच लेक कोण आणि सून कोण ते कळतं. मी क्वालिटीतल्या मर्फीबाईंना विचारलं, तुम्ही दोघींपैकी कोण? त्या म्हणाल्या, "दोन्ही. मर्फीचीच मुलगी, मर्फीलाच दिली." सगोत्र म्हणतील आपल्याकडे.

या मुरखा नावातून आलेलं दुसरं एक घराणं लेन्स्टर प्रांताच्या राजांचं. त्यातला डिअरमड मॅक मरखा हा इथला राघोबादादा. ११६६ साली गादीवरून हाकलला गेला, थेट इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या दारात उभा राहिला, आणि ११६९ मध्ये त्याच्या मदतीला आलेले नॉर्मन सरदार वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले. पुढच्या वर्षी त्यांच्या मागून आलेल्या स्ट्राँगबोला त्यानं आपली मुलगी ईफा दिली. पाहुणे आले ते परत गेलेच नाहीत. शाळेत राघोबाचं नाव घेताना आपले गुरुजी जसे ओठ मुरडायचे, तसंच याच्या नावानं इथे मुरडतात.

त्याच वेक्सफर्डचा दुसरा मर्फी मात्र आयर्लंडच्या गळ्यातला ताईत. फादर जॉन मर्फी, बूलाव्होगचा पाद्री. तो आधी इंग्रजांविरुद्धच्या बंडाच्या विरोधातच होता, गावकऱ्यांना शस्त्रं सरकारजमा करायला त्यानंच लावलं होतं. पण मे १७९८ मध्ये सरकारी स्वारांनी जाळपोळ मांडली, त्याचं प्रार्थनामंदिरही पेटवलं, आणि हाच माणूस शेतकऱ्यांच्या पुढे झाला. २७ मेला ओलार्टच्या टेकडीवर भालेवाल्या शेतकऱ्यांनी सरकारी पलटण कापून काढली. गंमत म्हणजे ती पलटण 'नॉर्थ कॉर्क मिलिशिया', म्हणजे आमच्या कॉर्कचीच. महिन्याभरात व्हिनेगर हिलवर बंड मोडलं. २ जुलैला टलो गावात त्याला फाशी दिलं आणि प्रेत डांबराच्या पिंपात जाळलं. शंभर वर्षांनी त्याच्यावर रचलेलं गाणं आजही म्हणतात. कँटीनचा मर्फी दोन ग्लास झाले की सुरू होतो, आणि गाणारा कितीही बेसूर असला तरी मग कोणी मध्ये बोलत नाही.

इथे आणखी एक मर्फी मुद्दाम सांगतो. यव्होन मर्फी, न्यायाधीश. डब्लिनच्या धर्मप्रांतात पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार वरिष्ठांनी वर्षानुवर्षं कसे झाकून ठेवले, याची चौकशी तिच्या आयोगानं केली. नोव्हेंबर २००९ मध्ये तो अहवाल बाहेर आला, लोक त्याला 'मर्फी रिपोर्ट' म्हणतात. एकाच आडनावाच्या पाद्र्याची गाणी गाणारा हा देश, आणि त्याच आडनावाच्या बाईनं त्याला आरशापुढे उभं केलं. गाणं म्हणणाऱ्या आमच्या कँटीनवाल्यानंच मला तिच्याबद्दल सांगितलं. सांगताना ग्लास खाली ठेवला होता.

पैसेवाला मर्फीही आहे. विल्यम मार्टिन मर्फी, पश्चिम कॉर्कचा, डब्लिनच्या ट्रामचा आणि एका मोठ्या वर्तमानपत्राचा मालक. १९०७ मध्ये इंग्लंडचा राजा 'सर' करायला निघाला होता, यानं ते नाकारलं. वाटतं ना, काय बाणेदार माणूस! त्यानंच १९१३ च्या ऑगस्टमध्ये जिम लार्किनच्या युनियनमधल्या कामगारांना कामावरून काढलं, बाकीच्या मालकांनी साथ दिली आणि सुमारे २० हजार कामगार टाळेबंदीत रस्त्यावर आले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उपाशी पोटांनी हार मानली. तुझे परळचे मामा १९८२ चा संप सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज कसा व्हायचा, ते आठव. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही हात वर केलेला पुतळा आहे तो लार्किनचा.

दारू गाळणारा मर्फी, तोही कॉर्कचा. १८५६ ची भट्टी, काळी बिअर. कारखाना आता एका डच कंपनीकडे आहे, पण डब्लिनची काळी बिअर मागितली तर इथे अजूनही भुवया वर जातात. आणि २०२४ मध्ये ऑस्कर घेणारा किलियन मर्फी कॉर्कचाच, त्या आठवड्यात गावातला प्रत्येक मर्फी त्याचा चुलतभाऊ होता. दुष्काळानंतर ही माणसं जगभर पांगली. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, दहाएक लाख मेले, तितकेच बोटींत बसले. इंग्रजी बोलीत बटाट्यालाच 'मर्फी' म्हणतात, आता बोल! अमेरिकेत हे आडनाव कुठे कुठे गेलं बघ. केंटकीत १८६१ साली जन्मलेला काळा जॉकी आयझॅक बर्न्स, त्यानं आईच्या वडिलांचं मर्फी हे आडनाव लावलं आणि केंटकी डर्बी तीनदा जिंकली, १८८४, १८९० आणि १८९१. तीनदा जिंकणारा तो पहिला.

तुला मात्र एडवर्ड मर्फी आवडेल. 'जे बिघडू शकतं ते बिघडणारच' हा मर्फीचा नियम त्याच्या नावावर आहे. अमेरिकन हवाई दलाचा इंजिनिअर. १९४९ मध्ये रॉकेटच्या गाड्यावर माणूस बसवून तो किती झटका सोसतो हे मोजायचं चाललं होतं. यानं आणलेल्या मोजणीच्या साधनांच्या जोडण्या कुणीतरी उलट्या केल्या, आणि एवढा जिवावरचा प्रयोग होऊन आकडा आला शून्य. हे वाचलं आणि मला तू आठवलास. अण्णा जेवायला गेलेले, आपण कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या रेडिओच्या दोन वायरी उलट्या डागल्या, आणि तो वास! अण्णा फक्त एवढंच म्हणाले होते, "दोन वायरी दिसल्या की गाढव उलटीच लावणार." अण्णांच्या नावानं नियम झाला नाही, बाकी फरक काय?

आता औषधपाण्यातला एक. विल्यम पॅरी मर्फी, बोस्टनचा डॉक्टर. पर्निशस अॅनिमिया, म्हणजे अंगातलं रक्त घटत जाण्याचा आजार, तेव्हा मरणाचं वॉरंट. यानं आणि जॉर्ज मिनोटनं १९२६ मध्ये ४५ रोगी रोज जवळपास पाव किलो कलेजी खायला घालून सुधारलेले दाखवले. १९३४ चं नोबेल मिनोट, मर्फी आणि व्हिपल तिघांना मिळालं. याचा धागा थेट परळला येतो. त्याच सुमारास ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गिरणीकामगार गरोदर बायकांचा अॅनिमिया तपासत होती. मर्फीच्या रोग्यांना चालणारा कलेजीचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडेना, पण स्वस्तातलं मार्माइट, यीस्टचं ते काळं खारट चाटण, दिलं की रक्त भरू लागायचं. म्हणजे इथे कमी होतं ते काहीतरी वेगळंच. ते पुढे फॉलिक अॅसिड निघालं. वहिनींना दोन्ही गरोदरपणांत सरकारी दवाखान्यात त्या गोळ्या मिळाल्या असतील, त्याची सुरुवात ही.

आणि बापू, माझी लाडकी शेवटी ठेवलीय. डर्व्हला मर्फी. इथून तासाभरावर लिझमोर म्हणून गाव आहे, नदीकाठी. मागच्या महिन्यात मुद्दाम जाऊन आलो. दहाव्या वाढदिवसाला हिला दोन वस्तू मिळाल्या, जुनी सायकल आणि जुना नकाशासंग्रह. गावाबाहेरच्या चढावर पेडल मारताना खाली स्वतःच्या पायांकडे बघून तिच्या मनात आलं, हे असेच फिरत राहिले तर मी भारतात पोचेन. बस, ठरलं. पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली, संधिवातानं जखडलेल्या आईची सेवा तिच्या वाट्याला आली, ती सोळा-सतरा वर्षं. आई गेल्यावर जानेवारी १९६३ मध्ये, युरोपभर बर्फ पडलेलं असताना, ही निघाली. सायकलचं नाव रॉझ, खिशात पिस्तूल. ते युगोस्लाव्हियात लांडग्यांवर चालवावं लागलं. अफगाणिस्तानात बसमधल्या भांडणात बंदुकीच्या दस्त्यानं बरगड्या मोडल्या. सुटे टायर तिनं आधीच वाटेवरच्या गावांना पोस्टानं पाठवून ठेवले होते. जुलैत दिल्ली. आणि मग घरी न परतता धरमशाळेला तिबेटी निर्वासितांच्या पोरांमध्ये काम करत राहिली. १९७३ च्या अखेरीस पुन्हा आली, पाच वर्षांच्या लेकीला घेऊन. मुंबईत उतरली आणि गोव्यावरून कूर्गला गेली. २०२२ मध्ये वारली, लिझमोरलाच.

मी तो चढ शोधत होतो. कुठला ते नक्की कळलं नाही, पण एका चढावर गाडी थांबवून उतरलो. पाऊस भुरभुरत होता. चौकोनी शेतं, मेंढ्या, दूर चर्चचा मनोरा. इथून एका पोरीला भारत दिसला. आणि आपण दोघं सांगलीत तुमच्या दुकानाच्या फळीवर बसून त्या काचेवरची गावं वाचायचो, लंडन, कैरो, सिलोन, आणि काटा त्यांच्यावरून सरकवला की आपण तिथे गेलो असं ठरलेलं असायचं. तिच्याकडे नकाशा होता, आपल्याकडे डायल. नाव एकच, मर्फी.

गोदामातल्या म्हाताऱ्या मर्फीला मी फोटो दाखवला, तू पाठवलेला. त्यानं चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा आमच्यातला का?" मी शोधून ठेवलं होतंच. फ्रँक मर्फी, इंग्रज माणूस, १९२९ मध्ये वेल्विन गार्डन सिटीत एका भागीदाराबरोबर कंपनी काढली, आणि १९३७ मध्ये स्वतःच तिच्यातून बाहेर पडला. नाव मागे राहिलं ते सांगलीपर्यंत आलं. आणि कॅलेंडरवरचं ते बाळ? मनालीकडचं. पुढे बौद्ध भिक्षू झालं, आणि नंतर त्यानं लग्न केलं ते थेट मंदाकिनीशी! हे ऐकून म्हातारा म्हणाला, "मग तो आमच्यातलाच."

तर असं आहे. पुण्याच्या माणसाला नाही म्हणून कळव, माझ्या नावानं शिव्या घालू दे. जुने कंडेन्सर न बदलता त्याला वीज दाखवू नकोस, धूर निघेल. डायलची दोरी तुटली असणार, ती नायलॉनची घालू नकोस, निसटते, अण्णा सुती मेणाची घालायचे. व्हॉल्व्हचा नंबर खरवडून फोटो पाठव, इथे जुन्या सामानाचा बाजार भरतो तिथे बघतो. जानेवारीत तीन आठवडे येतोय. डाग द्यायचं काम मी येईपर्यंत ठेव, आणि वायरी कुठल्या कुठे जातात ते तू बघ, मी नाही.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, पोरं त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची वाट बघतायत.

तुझाच,
दत्त्या