सामना संपल्यावर घरी कसं जायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिंपरीहून निगडीपर्यंत मेट्रो वाढवण्याचं काम सुरू आहे. त्यापुढच्या टप्प्याचा विचार होईल तेव्हा पुण्याजवळच्या गहुंजे क्रिकेट स्टेडियमचं नाव त्यात असावं, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चिंचवडची निवृत्त शिक्षिका. क्रिकेट मैदानात जाऊन बघायचं वेड जुनं आहे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, तो पुण्यातल्या नेहरू स्टेडियमवरचा सामना मी पाहिला आहे. सामना संपला की चालत स्वारगेटला यायचं, बस धरायची आणि घर गाठायचं. परत कसं जायचं याची चिंता कधी वाटलीच नाही. २०१२ मध्ये गहुंजेचं स्टेडियम झालं. मैदान देखणं, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, शहराबाहेर. २०२३ च्या विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना घरापासून इतक्या जवळ असून मी टीव्हीवर बघितला. तिकिटाचं जमलं असतं, पण रात्री त्या गर्दीतून परत कसं यायचं, याचं उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं. आणि गंमत बघा, २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटला आली, म्हणजे जिथून मोठं क्रिकेट गेलं त्या मैदानाजवळ.

२०२५ मध्ये मुलीकडे सिडनीला होते. २५ ऑक्टोबरला तिथल्या क्रिकेट मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना होता. रोहितने नाबाद १२१ केल्या, कोहलीने नाबाद ७४, आणि आपण नऊ गडी राखून जिंकलो. त्या दोघांचा खेळ तर डोळ्यांत साठवून आणलाच, पण त्यानंतरचा परतीचा प्रवासही सांगण्यासारखा आहे.

मैदानाजवळच मूर पार्क नावाचं लाइट रेलचं स्थानक आहे. लाइट रेल म्हणजे रस्त्यावरून धावणारी नव्या घडणीची ट्राम. दोन गाड्या जोडून ६७ मीटर लांबीची एक होते आणि तिच्यात एका वेळी सुमारे ४५० माणसं मावतात. बाहेर पडलो तेव्हा रांग भलतीच लांब होती, मी घाबरलेच. पण कर्मचारी कठडा धरून उभे होते. एक गाडी भरण्याइतकीच माणसं आत सोडायची, कठडा ओढून घ्यायचा, तोवर मागची गाडी लागलेली. ढकलाढकली नाही. फलाट आणि गाडीचा तळ एका पातळीत, पायरी चढायची नाही. माझ्या गुडघ्यांनी त्या माणसांना दुवा दिला असेल! शेजारी चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा भारताचा झेंडा घेऊन तसेच सरळ आत आले. गाडी बोगद्यातून ॲन्झॅक परेड रस्त्याच्या खालून निघते आणि सेंट्रल या मोठ्या रेल्वे स्थानकासमोर सोडते. पुढे लोकलने घर.

तिथेही हे सहज झालेलं नाही. जुन्या ट्राम १९६१ मध्ये पार बंद केल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये ही नवी गाडी सुरू झाली. तोवर खर्च फुगला होता, काम रखडलं होतं, खोदलेल्या रस्त्यांवरच्या दुकानदारांचे हाल झाले होते. आपल्याला मेट्रोच्या कामांमुळे हे सगळं ठाऊक आहे. पण मैदान आणि स्थानक यांची सांगड त्यांनी आराखड्यातच घातली.

गहुंजेला ट्रामच हवी असा माझा हट्ट नाही. मुंबईत वानखेडेपासून चर्चगेट पायी गाठता येतं, ते सुख आपल्याला कुठून मिळणार? पण पुणे-लोणावळा लोहमार्ग गहुंजेपासून दूर नाही. बेगडेवाडी आणि देहूरोड ही स्थानकं त्याच भागातली. सामन्याच्या दिवशी तिथून स्टेडियमपर्यंत बसच्या सतत फेऱ्या ठेवाव्यात आणि सामना सुटल्यावर जादा लोकल सोडाव्यात. जादा बस सोडल्या जातात हे मला माहीत आहे, पण शहरापर्यंतचं सगळं अंतर त्या मोटारींच्याच कोंडीतून कापतात. बसने फक्त लोहमार्गापर्यंतचा टप्पा सांभाळावा, पुढचं लोकल बघेल. मेट्रो निगडीला पोहोचली की तिथल्या भक्ती-शक्ती चौकातूनही अशाच फेऱ्या सुरू कराव्यात, आणि त्या रात्री शेवटच्या मेट्रोची वेळ सामना संपण्याच्या वेळेशी जुळवावी.

रेल्वे, मेट्रो, शहर बससेवा चालवणारी पीएमपी आणि क्रिकेट संघटना यांनी गहुंजेच्या पुढच्या मोठ्या सामन्याआधी एकत्र बसून हे ठरवावं आणि गाड्यांचं वेळापत्रक तिकिटाच्या मागेच छापावं.

आपली,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, चिंचवड