‘थ्रॉन’ या शब्दाविषयी

ॲबर्डीन, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

शेजारच्या आजीबाईंना मी फोनवर ‘थ्रॉन’ म्हटले, तो शब्द तुमच्या जुन्या इंग्रजी कोशात सापडला नाही हे साहजिक आहे, कारण तो मूळचा स्कॉट्स भाषेतला असून तिथूनच इकडच्या इंग्रजीत रुळला आहे. ‘ऑब्स्टिनेट’ माणूस आपल्या मतावरून हलत नाही. थ्रॉन माणसाला मुळात काही मत असेलच असे नाही, पण त्याला पूर्वेकडे जा म्हटले की तो पश्चिमेची वाट धरतो. पदपथावर बर्फ गोठला आहे, आज बाहेर पडू नका, असे आम्ही सुचवले की आजीबाईंना नेमकी त्याच दिवशी टपालाची तिकिटे हवी असतात.

‘थ्रॉ’ या क्रियापदाचा अर्थ पिळणे, मुरडणे. त्यावरून ‘थ्रॉन’ म्हणजे पिळलेला, वाकडा. इंग्रजीतला ‘थ्रो’ हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि फेकणे हा त्याचा अर्थ पुष्कळ नंतरचा. म्हणून वाऱ्याने वेडेवाकडे झालेले झाडही थ्रॉन आणि रागाने वाकडे झालेले तोंडही थ्रॉन. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या ‘थ्रॉन जॅनेट’ या 1881 सालच्या कथेतली जॅनेट हट्टी म्हणून नव्हे, तर मान वाकडी म्हणून थ्रॉन आहे. आपल्याकडे सुंभ जळला तरी ज्याचा पीळ जात नाही, तोच हा पीळ. ‘हट्टी’पेक्षा मला हाच प्रतिशब्द जवळचा वाटतो, कारण हट्टाला काहीतरी हवे असते, पिळाला काहीच नको असते.

वापरताना मात्र जपावे लागते. परक्याला तोंडावर थ्रॉन म्हटले तर तो अपमान ठरतो, पण तोच माणूस स्वतःच्या आजोबांविषयी हा शब्द छाती फुगवून वापरतो. या कौतुकाच्या अर्थाने तो ‘स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी’च्या कर्त्यांना खुशाल लावावा. ज्या भाषेतले शब्द वर्गात उच्चारले म्हणून मुलांना दटावले जाई, तिच्या कोशाचे प्रकाशन 1931 साली सुरू झाले; पहिले संपादक विल्यम ग्रँट 1946 मध्ये वारले, तेव्हा इथून उत्तरेकडच्या फ्रेझरबर्गचे डेव्हिड म्युरिसन यांनी ते काम हाती घेतले आणि 1976 मध्ये दहावा खंड काढूनच थांबले.

हा शब्द आपल्या घरात कोणाला लागू पडतो का, असे आईने मुद्दाम विचारले आहे. डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितलेली गोळी केवळ त्यांनी सांगितले म्हणून रात्री घेणाऱ्या गृहस्थांविषयी मी इतक्या लांबून काय लिहावे? ते तिने आणि तुम्ही आपसात ठरवावे.

आपली लेक