साडेतीन सेंटिमीटरचा 'अनुभव'

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'उपयुक्तता आणि अनुभव' यांच्या समतोलावरचा लेख वाचला. लेखकमहाशय अभ्यासू दिसतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. म्हणजे थोडं आहे.

त्यांचं म्हणणं असं, की वास्तू आधी कामाला उतरली पाहिजे आणि मग ती माणसाला 'जाणवली' पाहिजे. पंगतीत आधी वरणभात आणि मागून जिलबी, तसं. सोबत फोटो कशाचा, तर भिंतीतून नुसत्या फळ्या बाहेर आलेल्या जिन्याचा. कठडा नाही. पायऱ्या पांढऱ्या, भिंत पांढरी, खालची लादीही पांढरी. फोटोखाली ओळ: 'हलकेपणाचा अनुभव'. या जिन्याने गॅसचा सिलिंडर वर नेणाऱ्या माणसाला कसला अनुभव येतो, ते एकदा त्यालाच गाठून विचारावं.

मी ३६ वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून, म्हणजे इमारतींचे नकाशे काढायची, नोकरी केली. सुरुवातीला बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन, शेवटी शेवटी कॉम्प्युटरवर. नाव घ्यावं असं काही माझ्या हातून उतरलं नाही, पण जिने शेकड्याने काढले. त्यामुळे जिन्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, आणि सध्या तर नाहीच.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या ठाण्यातल्याच एका मंगल कार्यालयात नात्यातली मुंज होती. हॉल पहिल्या मजल्यावर. नुकतंच सगळं नवं केलेलं. भिंतींना लाकडी पट्ट्या, छतात दडवलेले दिवे, तोंड दिसेल अशी लादी. आमच्या सौ. एका हातात आहेराची पिशवी आणि दुसऱ्या हाताने निऱ्या सावरत चढत होत्या. शेवटच्या पायरीला पाय अडकला आणि पालथ्या पडल्या. उजवं मनगट मोडलं. व्यवस्थापक धावत आले, खुर्ची दिली, पाणी दिलं, नाही म्हणत नाही. मग आजूबाजूच्या मंडळींना म्हणाले, "आजींचा तोल गेला."

आजींचा! ज्या बाई रोज सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारतात त्यांचा!

दोन दिवसांनी मी टेप घेऊन तिथे गेलो. (घरून विरोध होता.) खालून एकेका पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायला लागलो. १५, १५, १५... एकूण २१ पायऱ्या, त्यातल्या २० अगदी सारख्या. ज्याने तो जिना मूळ बांधला त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. शेवटची पायरी भरली साडेअठरा.

कारण उघड होतं. हॉलची जुनी लादी फोडायची म्हणजे खर्च, धूळ आणि लग्नसराईच्या तारखा बुडणार. म्हणून टाइलवरच टाइल बसवली. अडीच सेंटिमीटर सिमेंटचा माल, वर एक सेंटिमीटर टाइल. पायऱ्यांना मात्र हात लावला नाही. हॉलची जमीन साडेतीन सेंटिमीटर वर आली, ती शेवटच्या पायरीच्या बोकांडी बसली.

जिना चढताना दोन-तीन पायऱ्या झाल्या की माणूस खाली बघत नाही. पायाला उंची पाठ होते. तो तेवढाच उचलला जातो आणि पायरीच्या कडेवरून जेमतेम बोटभर अंतर ठेवून पुढे जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक जागेतल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर आणि रुंदी कमीत कमी ३० सांगितली आहे. घरातल्या जिन्याला १९ पर्यंत उंची चालते. म्हणजे साडेअठराची पायरी हे काही अघटित नव्हे. अख्खा जिना तसा असता तर सौ. कुरकुरत का होईना, वर पोचल्या असत्या. विसांच्या मागून एकविसावी वेगळी निघाली, तिथे घात झाला.

पायरीचं हे माप तरी कुठून आलं? सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँदेल या वास्तुकाराने हिशेब मांडला, की दोन पायऱ्यांची उंची आणि एकीची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं. १५ आणि १५ आणि ३०, झाले ६०. अजूनही साधारण तोच हिशेब चालतो. हे माप चालणाऱ्या माणसाच्या पावलावरून घेतलं आहे. आता यात उपयुक्तता कुठवर आणि अनुभव कुठून सुरू, ते लेखकाने मला रेघ मारून दाखवावं. लेखात अमेरिकन वास्तुकार सलिव्हनचं १८९६ सालचं 'रूप कार्यामागून येतं' हे वचन आलंच आहे. ते यावंच लागतं, त्याशिवाय असा लेख पुरा होत नाही. पण सलिव्हन तेव्हा उंच कचेऱ्यांबद्दल बोलत होता हेही सांगायला हवं होतं.

उलट जिथे खरोखर सांगण्यासारखं होतं तिथे एका ओळीत उरकलं. वास्तुकार चार्ल्स कोरियांची नवी मुंबईतली बेलापूरची घरं ट्रान्स-हार्बर लाइनला बसलं की इथून जवळच आहेत. सात-सात घरं एकेका आठ मीटर चौरस अंगणाभोवती, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही, का, तर ज्याला त्याला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. लोकांनी ती वाढवली, पाडली, नवी बांधली, कित्येक आता ओळखू येत नाहीत. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी तिथे जाऊन हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही, ती वाढावीत म्हणूनच तशी काढली होती. असो.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. मामाच्या वाड्यात माळ्यावर जायचा जिना शिडीसारखा उभा होता, आजी उलटी होऊन उतरायची. पण धरायला वरून दोर सोडलेला होता. आणि पाटा गुळगुळीत झाला की टाकीवालीला बोलावून त्याला टाकी लावून घेत. आता बिल्डिंगच्या दाराशी पॉलिश केलेला ग्रॅनाइट लावतात, जुलैत त्यावर सगळी सोसायटी भिंत धरून चालते.

व्यवस्थापकांना टेप दाखवली. ते म्हणाले, "काका, साडेतीन सेंटिमीटरचं काय एवढं? लोकांना चकाचक लागतं, फोटो चांगले येतात." निदान कडेला पिवळी पट्टी तरी चिकटवा म्हटलं, तर थीम बिघडते म्हणे. वर, "लिफ्ट आहे ना!" लिफ्टमधून त्या दिवशी बासुंदीची पातेली चालली होती.

जाता जाता आणखी एक. माणसाच्या अनुभवाची महती सांगणारा हा लेख आपण फिकट पिवळ्या रंगावर राखाडी अक्षरांत छापला आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, तरी भिंग घ्यावं लागलं. शिवाय गेल्या महिन्यापासून शब्दकोडं आकसून पानाच्या कोपऱ्यात गेलं आहे. आमच्याकडे ते सौ. सोडवतात. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, सध्या डाव्या हाताने लिहितात, आणि आपल्या चौकटीत त्यांचा 'क्ष' मावत नाही.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, नौपाडा, ठाणे (प.)