निविदा बाद केली, तर कारण तेव्हाच सांगा

संपादक महोदय,

ठाणे-घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या सुमारे १४ हजार कोटींच्या निविदा एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मे २०२५ मध्ये रद्द केल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर. तांत्रिक छाननीत बाद ठरवलेल्या लार्सन अँड टुब्रोची बोली दोन्ही कामे मिळून सुमारे ३,१०० कोटींनी कमी असल्याचे न्यायालयात समोर आले. चर्चा झाली ती या आकड्याची. मला त्याहून गंभीर वाटली ती निविदेतली अट: बाद झालेल्याला कारण कळणार, ते काम दुसऱ्याला दिल्याचे पत्र निघाल्यावर!

ठाणे जिल्ह्यातल्या एका मध्यम कंत्राटदाराकडे निविदा भरण्यात माझी सारी नोकरी गेली. रस्ते, मोऱ्या, लहान पूल अशी आमची कामे. लाखेचे सील लावलेले लिफाफे पेटीत पडत आणि ठरल्या वेळी कार्यकारी अभियंत्यांच्या दालनात आम्हा सगळ्यांसमोर फुटत. पहिल्या लिफाफ्यातला एकेक कागद विभागीय लेखापाल बघत: बयाणा रक्कम, नोंदणी, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी. कमी काही असेल तर तिथेच मोठ्याने सांगत. एकदा आमच्याच एका प्रतिस्पर्ध्याचा पुलाच्या कामाचा दाखला अपुरा म्हणून त्याला बाद करायला निघाले होते. तो उठला, मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाच्या सरकारी मोजणीची) नोंद दाखवली, साहेबांनी शेरा मारला आणि त्याचा दुसरा, दराचा लिफाफाही फुटला. काम त्यालाच गेले. आमचे मालक नाराज झाले, पण तक्रारीला जागा नव्हती.

तो काळ काही रामराज्य नव्हता. दालनाबाहेर कंत्राटदारांची रिंग, म्हणजे संगनमत व्हायचे, कोणाला निविदेचा कोरा फॉर्मच मिळू द्यायचे नाहीत. ई-निविदेने त्याला बराच चाप बसला. पण समोरासमोर कारण ऐकण्याचा आणि तिथल्या तिथे हरकत घेण्याचा हक्कही त्याबरोबर गेला, तो कोणी परत दिला नाही.

मोठ्या कामांत तर त्याची जास्त गरज आहे. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर १६ पॅकेजमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंत्राटांच्या तुकड्यांत विभागले होते. उलट बुलेट ट्रेनच्या २३७ किलोमीटरच्या एकाच पॅकेजला तीन बोलीदार आले. बोगद्याच्या कामात अनुभवाची आणि उलाढालीची अट लागली की असेच मोजके उरतात. तिथे एकाला बाद केले तर स्पर्धेचा केवढा तरी भाग एका शेऱ्याने जातो, आणि तो शेरा काय होता हे ज्याला लागू झाला त्यालाच माहीत नसते.

माझी मागणी साधी आहे. आर्थिक लिफाफा उघडण्याआधी प्रत्येक बाद बोलीदाराचे नाव आणि नेमके कारण पोर्टलवर टाकावे, हरकतीला काही दिवस द्यावेत आणि हरकतीवरचा निर्णयही तिथेच लेखी द्यावा. यात वेळ जाईल, असे अधिकारी म्हणतील. घोडबंदरची निविदा न्यायालयात जाऊन शेवटी पुन्हा शून्यावर आली, त्यात गेलेला वेळ त्यांनी आधी मोजावा. घोडबंदर रोडच्या कोंडीत रोज अडकणाऱ्यांनी तो मोजलाच आहे. एमएमआरडीए असो की एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), ही तरतूद यापुढच्या प्रत्येक निविदेच्या अटींतच छापलेली असली पाहिजे.

एक निवृत्त कर्मचारी, ठाणे