फ्रेंचचे दोन 'ऊ' एकसारखे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतल्या फ्रेंच शब्दांच्या सदराची कात्रणे मी वहीत चिकटवून ठेवते. लेकीने अकरावीला फ्रेंच घेतले, तिच्याबरोबर मीही ४८व्या वर्षी शिकायला बसले. भाट्याला आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो आणि अधूनमधून फ्रेंच पाहुणेही येतात, म्हणून ही हौस.

गेल्या डिसेंबरात अशाच एका जोडप्याला मच्छरदाणी हवी होती. ती होती कपाटावर. लेकीने सदरात छापल्याप्रमाणे 'ओ दसू', म्हणजे 'वर', असे सांगितले. बाईंनी मोबाइलची बॅटरी लावली, गुडघे टेकले आणि कपाटाखाली वाकून बघायला लागल्या! लेक रडवेली झाली. चूक तिची नव्हती. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या दोन्ही शब्दांना देवनागरीत 'दसू'च लिहिले जाते. आपला साधा ऊ लावला की त्याचा अर्थ 'खाली' होतो. 'वर'मधला ऊ वेगळा, तो मराठीत नाहीच. 'रस्ता' आणि 'चाक' या शब्दांचेही तेच, दोन्ही 'रू'.

तो ऊ काढायचा कसा, हे आम्हाला त्याच बाईंनी ओसरीवर बसून शिकवले. 'ई' म्हणायचे. जीभ तिथेच राहू द्यायची, आवाज तोडायचा नाही, आणि शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करून पुढे आणायचे. जीभ जरा मागे सरकली की संपले, आपला ऊ परत येतो. लेक आरशासमोर दोन दिवस हेच करत होती. लिहिताना मात्र गोंधळ नाही : नुसते 'यू' अक्षर असेल तर बहुधा हा नवा ऊ, 'ओ' आणि 'यू' जोडून आले तर आपला.

सगळे धास्तावतात ते 'र'ला. तो घशातून येतो, खरे आहे. आमच्या शेजारच्या खाला उर्दू शाळेत शिकवत असत. त्यांनी लेकीकडून 'ग़रीब'मधला ग़ घोटून घेतला : "पाण्याशिवाय गुळणी कर गो." तीन या अर्थाच्या 'त्र्वा'त तोच र 'ख़बर'मधल्या ख़सारखा ऐकू येतो. पण मला विचाराल तर र चुकला तरी फारसे बिघडत नाही. पूर्वी फ्रेंच लोकही जिभेच्या टोकानेच र म्हणत, घशातला र पॅरिसकडून नंतर पसरला. र आपल्यासारखा म्हटला तरी शब्द कळतो, ऊ चुकला तर वरचे खाली होते.

मराठी माणसाला हे नवे नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, अक्षरे तीच, ज मात्र दोन. आपण ते पाळण्यापासून ऐकलेले असते. कोकणातल्या मुलांना फ्रेंच कानावर कुठून पडणार? त्यांच्यासमोर असते ते तुमचे छापील अक्षर.

म्हणून विनंती, जिथे वेगळा ऊ आहे तिथे त्याच्या डोक्यावर एक चांदणी छापा आणि सदराच्या तळाशी ओठ-जिभेची ती एक ओळ दर वेळी द्या. जुन्या कात्रणांवर लाल पेनने आम्ही चांदण्या काढल्या आहेत, हवी असल्यास वही पाठवते.

– एक वाचक, भाट्ये (रत्नागिरी)